दाखला आरतीचा, आठवणी बैलांच्या

गोरक्षनाथ दहिफळे यांच्या स्मरणशक्तीबद्दल खरपुडेवाडीत कुणालाच शंका नव्हती, आणि खुद्द त्यांना तर अजिबातच नव्हती! एकवीस वर्षं ते स्वतःची बैलजोडी घेऊन ऊसतोडीला गेले होते. कोणत्या साली टोळी कोणत्या कारखान्याला होती, कोणत्या ओढ्यात कुणाची गाडी रुतली, कुणाच्या बैलाला कोणत्या उतारावर खरचटलं, हे सगळं ते धडाधड सांगायचे. गावात जुन्या गोष्टीवरून वाद अडला की लोक म्हणायचे, "चला, गोरखतात्यांना विचारू." तात्या डोळे मिटायचे, मिशीवरून एक बोट फिरवायचे आणि निकाल द्यायचे. तो बरोबर की चूक हे तपासायला तेवढं आठवणारं दुसरं कुणी गावात नव्हतं, हा भाग वेगळा!

म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांची लेक आरती जेव्हा म्हणाली, "तात्या, माझा जन्मदाखला लागतोय," तेव्हा तात्यांनी ओठाला लावलेली बशी खालीसुद्धा ठेवली नाही.

"कवापत्तुर पायजे?"

"आठ जानेवारीला अर्ज द्यायचाय. तीन आठवडे आहेत."

"तीन आठवडे? दोन दिवसांत आनून तुज्या हातात ठिवतो! तू ज्या साली झाली ना, त्या सालातला एकेक दिवस माज्या ध्यानात हाय!"

चुलीपाशी बसलेल्या केशरबाई म्हणाल्या, "मी काय म्हनते, आरती झाली तवा..."

"तू थांब गं जरा! हितं कामाचं बोलनं चाललंय."

केशरबाई थांबल्या.

कामाचं बोलणं होतं व्हिसाचं. आरती एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम घरून करायची. माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, एका बाजूला ज्वारीची पोती आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, अशी तीन वर्षं गेली होती. आता तिनं काढलं होतं पोर्तुगालला जायचं. काम आपल्या कंपनीचंच करायचं, फक्त राहायचं त्यांच्या देशात, असा तिथं एक व्हिसा मिळतो म्हणे. पुण्यातल्या निकिता मॅडम हे व्हिसाचं काम करून द्यायच्या. त्यांनी कागदांची यादी पाठवली होती. बाकी सगळं जमलं होतं, जन्मदाखला तेवढा अडला होता.

केशरबाईंना हे प्रकरण पहिल्यापासून कळलं नव्हतं. "काम लॅपटॉपातच हाय ना? मंग लॅपटॉप हितं चालंना का?"

"चालतो गं आई."

"मंग?"

आरतीनं जरा विचार केला. "आई, मी लहान असताना दर दिवाळीनंतर आपण बिऱ्हाड गाडीत घालून निघायचो. कुठं जायचं ते मुकादम ठरवायचा. मला एकदा माझ्या मनानं ठरवून कुठंतरी जायचंय."

केशरबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तव्यावरची भाकरी त्या दिवशी जरा जास्तच भाजली गेली.

दाखल्याची अडचण अशी होती, की आरतीचा जन्म वाडीत झालाच नव्हता. तो झाला होता ऊसतोडीच्या हंगामात, कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. नोंद असलीच तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत असणार. ते गाव कोणतं, एवढाच प्रश्न होता. आणि तात्यांच्या मते तो प्रश्नच नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रामहरीची काळी-पिवळी जीप दारात उभी राहिली. पुढं रामहरीशेजारी तात्या, फेटा बांधून, लग्नाची बोलणी करायला निघाल्यासारखे. मागं केशरबाई, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेली आरती. सुट्टी तिनं टाकली नव्हती. सुट्ट्या राखून ठेवायच्या होत्या, आणि दोन दिवसांचं तर काम, असं तात्यांनीच सांगितलं होतं.

तिसगाव मागं पडलं तसं रामहरीनं विचारलं, "तात्या, ह्यो इसा म्हंजी नेमकं काय असतंय?"

"परवानगी. तिकडं ऱ्हायाची."

"आन काम?"

"काम हितलंच."

"हितलं म्हंजी वाडीतलं?"

"वाडीतलं कसं असंल येड्या! कंपनी एका देशात, पोरगी दुसऱ्या देशात, आन पगार मोबाईलात!"

रामहरीनं गिअर बदलला. "आपली जीपच बरी," तो म्हणाला.

राहुरीच्या बाजूला मुळेच्या कालव्यालगत एक गाव आलं, तसे तात्या सीटवर अर्धे उभेच राहिले. "थांब! थांब! हेच! ह्या माळावर आमची टोळी हुती!"

माळावर आता एक मंगल कार्यालय उभं होतं. त्यात लग्न लागून नुकत्याच पंगती बसल्या होत्या. दुसरा कुणी असता तर बाहेरूनच परतला असता. पण तात्या आठवणींच्या भरात होते. ते रामहरीला घेऊन सरळ आत शिरले आणि पंगतीतून मोठमोठी पावलं टाकत मोजणी करायला लागले. "हितं आमची कोपी! हितं चूल! आन हितं," एका जेवणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत ते गरजले, "हितं सर्जा बांधायचो!"

म्हाताऱ्याच्या हातातला जिलबीचा तुकडा खाली पडला. करवल्यांपैकी एक जाडजूड बाई पुढं आली. "तुम्ही कुणीकडचे हो? नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

"आमी हितलेच! तुमच्या आदीपास्नं!"

बाईंना वाटलं, कार्यालयाच्या मालकाचे वडील! त्यांनी घाईघाईनं दोन पाट मांडले, आणि तात्यांना व रामहरीला आग्रह करकरून जेवू घातलं. तात्या दोनदा मठ्ठा प्याले आणि तिथल्या आचाऱ्याला सर्जाच्या खोडी सांगून आले.

इकडं बाहेर जीपमध्ये आरतीची मीटिंग चालू होती. लॅपटॉपच्या पडद्यावर पाच देशांतली आठ माणसं. त्यांतला एकच मराठी, तिचा वरिष्ठ हर्षल. जेवून आलेल्या तात्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि हर्षलचा चष्मा-टाय बघून विचारलं, "साहेब हायत का?"

"हो, पण तात्या, आत्ता नको..."

आरतीला पुढं बोलायला मिळालं नाही. तात्यांच्या डोक्यात एकच साहेब होता, व्हिसाचा! त्यांनी फेटा सावरला, हात जोडले आणि भर मीटिंगमध्ये खणखणीत आवाजात जबानी दिली.

"रामराम साहेब! मी गोरक्षनाथ दहिफळे, राहनार खरपुडेवाडी. ही पोरगी माज्या देखत झाली! पहाटंची येळ, मी सोता पळत जाऊन सुईन आनली! खोटं बोलत असंल तर सर्जाची आन! इसा देऊन टाका!"

पडद्यावरच्या आठ चेहऱ्यांपैकी सात गोंधळले. आठवा, म्हणजे हर्षल, गंभीरपणे म्हणाला, "रामराम काका. माझी काही हरकत नाही." मग त्यानं बाकीच्यांना इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, पण सातही जणांनी तात्यांना टाळ्या वाजवल्या!

"बघ!" तात्या आरतीला म्हणाले. "झालं निम्मं काम."

मागच्या सीटवर केशरबाई त्यांच्याकडं बघत होत्या. सुईणीची गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा तरी ऐकली असेल. दर खेपेला तात्या थोडे जास्त लांबून पळत यायचे.

निम्मं राहिलेलं काम ग्रामपंचायतीत होतं, आणि ते तिथंच राहिलं. तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तीन वर्षांच्या नोंदवह्या चाळल्या. दहिफळे नाव कुठंच नाही.

"नीट बघा भाऊसाहेब. त्या साली आमच्या सर्जाचं शिंग मोडलं हुतं."

"काका, शिंगाची नोंद आमच्याकडं नसते."

परत येताना केशरबाई हळूच म्हणाल्या, "सर्जाचं शिंग मोडलं ते हितंच. पर आरती..."

"तेच म्हन्तोय मी! शिंगाच्या फुडच्या साली आरती! म्हंजी श्रीरामपूरकडं! तू मधी बोलू नगं, माजी लिंक तुटती."

दुसऱ्या दिवशी जीप श्रीरामपूरकडं. त्या दिवशी तात्या फेट्याऐवजी टोपीवर होते, पण आवाज तेवढाच होता.

इथला माळ मात्र जसाच्या तसा होता. कालवा, बाभळी, आणि माळावर ऊसतोडवाल्यांच्या पंधरा-वीस कोप्या. पाचटाऐवजी आता निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद होते, दोन कोप्यांवर सोलरचे दिवे होते, आणि बैलगाड्यांच्या जागी बरेचसे ट्रॅक्टर. पण धुराचा वास तोच होता. उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्यांचा, शेणाचा, ओल्या पाचटाचा तो वास नाकात गेला, आणि जीपमधून उतरलेले तात्या सरळ माळाच्या टोकाकडं चालू लागले.

केशरबाई तर कुणाला न विचारता एका कोपीकडं निघाल्या. तिथली बाई चुलीशी खोकत होती. चूल धुमसत होती. केशरबाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या, एक लाकूड मागं ओढलं, दुसरं आडवं लावलं आणि एकदाच फुंकर घातली. चूल भडकली!

"कुठल्या हो मावशी तुमी?" बाईनं विचारलं.

"पाथर्डीकडल्या. एकवीस वर्सं, एकवीस पट्टे पाडलेत बाई आमी."

मग काय, चहा झाला. कोणता मुकादम कसा, वाढे कुठं बरे विकतात, डोकीवर मोळी घेताना चुंबळ कशी धरायची, सगळं बोलणं झालं. आरती लॅपटॉप मिटून आईकडं बघत बसली. घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारी आई इथं थांबायला तयार नव्हती. हसत होती. त्या बाईच्या पाठीवर थापा मारत होती!

तात्या तिथं नव्हते. माळाच्या टोकाला एक खिल्लारी जोडी बांधली होती. तात्या त्यातल्या डाव्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभे होते आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होते.

"तात्या, ग्रामपंचायत बंद होईल!"

"आलो आलो. आरती, हे बघ, अगदी सर्जाचं तोंड! सर्जा आपल्याकडं आला तवा चार दाती हुता. मंगळवार. घोडेगावच्या बाजारातनं. वर ढग हुते, आन मी रस्त्यात त्याला निम्मी भाकर चारली."

आरती हसत हसत म्हणाली, "तात्या, सर्जाचा दाखला काढायचा असता, तर काल दुपारीच निघाला असता."

ती गमतीनं बोलली होती. रामहरी खो-खो हसला. तात्याही हसायला लागले, पण ते हसू मिशीपर्यंत येऊन तिथंच अडकलं.

कारण या ग्रामपंचायतीतही नोंद निघाली नाही. इथल्या भाऊसाहेबांनी वर विचारलं, "काका, निदान महिना तरी सांगा ना. पोरीचा जन्म थंडीतला का उन्हाळ्यातला?"

तात्यांनी डोळे मिटले. मिशीवर बोट फिरवलं. सर्जा आठवला, त्याचा जोडीदार राजा आठवला, उजव्या चाकाची तुटलेली आरी आठवली. कारखान्याच्या गेटवर रात्रंदिवस लागलेली गाड्यांची रांग आठवली. थंडी होती का ऊन होतं? एकवीस वर्षांची थंडी आणि एकवीस वर्षांचं ऊन एकत्र कालवून गेलं होतं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "जरा बाहेर जाऊन येतो."

बाहेर येऊन ते जीपच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हे पाहून रामहरी इतका घाबरला की पाण्याची बाटली घेऊन धावला.

"आरतीची आई," तात्या शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक, की केशरबाईंना वाकावं लागलं. "तुला ठावं हाय का गं, आरती कुठं झाली?"

"व्हय की."

"काय?"

"मला ठावं नसंल तर कुनाला असंल? पुणतांब्याच्या पल्याड, कालव्याच्या कडंला, लिंबाखाली. होळीच्या आदल्या दिवशी. दिस मावळायला."

रामहरीनं पाण्याची बाटली स्वतःच्याच तोंडाला लावली.

"आई! मग दोन दिवस सांगितलं का नाहीस?"

"इचारलं का कुनी?" केशरबाईंनी पदर सावरला. "दोनदा तोंड उघडलं, तर गप बस म्हनले. तू तरी कुठं इचारलंस? तू आपली लॅपटॉपात. मंग म्हनलं, जीप फिरतीच हाय, तर एकदा समदं बघून घ्यावं. तवा डोईवर मोळी, मान खाली. गाव कसं दिसतंय ते बघायला येळ कुठं हुता?"

आरतीचा चेहरा उतरला. दोन दिवसांत तिनं नकाशे शोधले होते, तीन सरकारी संकेतस्थळं धुंडाळली होती. आईला विचारायचं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"चल गं," ती म्हणाली, आणि लॅपटॉप पिशवीत घालून चेन ओढली. "तू पुढं बस. रस्ता दाखव."

केशरबाई जिंदगीत पहिल्यांदा जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. डावीकडं, उजवीकडं, पुलावरनं खाली, असं त्या एकही वळण न चुकता सांगत गेल्या. लिंब अजून होता. त्याच्यासमोर एक पक्कं घर होतं, आणि घराच्या ओट्यावर एक वाळलेली, चुरचुरीत म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

केशरबाई उतरून पुढं झाल्या. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला.

"केशर का गं तू? लिंबाखालची?"

"व्हय रंगुबाई!"

दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली की शेंगांचं सूप उलटं झालं. रंगुबाई म्हणजेच सुईण! तात्या मागच्या मागं जीपच्या आड सरकायला लागले, पण रामहरीनं उत्साहानं त्यांना पुढं ढकललं. "म्हातारे, ह्येच तात्या! तुला पळत बोलवायला आल्ते न्हाई का ते!"

रंगुबाईनं तात्यांना खालून वर न्याहाळलं. "ह्यो? ह्यो कुठला आल्ता! ह्यो कारखान्याच्या गेटवर, नंबरात! ह्याची बायको हितं वरडतीय, आन ह्याची गाडी तिकडं रांगंत! टोळीतल्या दोन बाया आल्त्या मला न्यायला. ह्यो आला दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवल्यावर."

तात्या स्वतःच्या चपलेचा अंगठा बघत उभे होते. सत्तावीस वर्षं पळून पळून आणलेली सुईण आज समोर बसून त्यांना उघडं पाडत होती!

"रांग मोडून येता येत नव्हतं," ते पुटपुटले. "नंबर गेला असता, तर आनि एक दिस..."

"ठाऊक हाय," केशरबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

ग्रामपंचायतीत गेले तेव्हा तात्या सगळ्यांच्या मागं होते. इथं नोंद नसणार, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं. टोळीतल्या पोरांची नोंद करतो कोण? आज इथं, उद्या तिथं. पोरीचा व्हिसा आपल्यामुळं बुडणार!

इथल्या भाऊसाहेबांनी कपाटातून मार्च अठ्ठ्याण्णवची नोंदवही काढली, धूळ झटकली आणि पानावर बोट फिरवत आणलं.

"अकरा मार्च. मुलगी. आईचं नाव केशर. वडील गोरक्षनाथ दहिफळे. पत्ता, ऊसतोड टोळी, कालव्याजवळ. हे काय, आहे की!"

आरती टेबलावर वाकली.

"आणि काका," भाऊसाहेब म्हणाले, "त्या अख्ख्या हंगामात टोळीतल्या लेकराची ही एकच नोंद दिसते. माहिती देणार, स्वतः वडील. ही बघा सही."

सही होती. गो एका ओळीवर, रक्ष दुसऱ्यावर, आणि नाथ समासात घुसलेलं. तात्यांचीच.

"तात्या, तुम्ही आला होता?" आरतीनं भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

तात्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं! पण पोरगी अशी बघायला लागल्यावर कोणता बाप गप्प बसेल? त्यांची मान वर आली, छाती पुढं आली, बोट आपोआप मिशीवर गेलं. "मंग! मला तवाच वाटलं हुतं, ही पोरगी मोठी हुनार, हिला कागद लागनार! म्हनलं, बाकीची कामं ऱ्हाऊंद्यात, आदी लेकीची नोंद..."

"सर्जा कोंडवाड्यात हुता," केशरबाई म्हणाल्या.

"आं?"

"त्या दिवशी आनंदाच्या भरात ह्येंनी सर्जाचं दावंच बांधलं न्हाई. त्यो गेला कुनाच्या तरी गव्हात. गावकऱ्यांनी धरून कोंडवाड्यात घातलं. त्याला सोडवायला आल्ते हे पंचायतीत. बैल कुनाचा, मालक कोन, इचारता इचारता पंचायतीच्या शिपायाला कळलं, की पोरगी झाली. तोच म्हनला, नोंद करा."

रामहरीला हसू आवरेना, तो भिंतीला टेकून खाली बसला. भाऊसाहेबांनी नोंदवही तोंडासमोर धरली. आरती डोळे पुसत होती, पण आता ते हसूनहसून भरले होते. तात्यांची छाती हळूहळू पहिल्या जागी आली.

हसणं ओसरलं तशी आरती एकदम दचकली. "तात्या! अकरा मार्च? माझ्या पासपोर्टवर तर एक जून आहे!"

असणारच! शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनलाच लावला होता. पोरगी सहाची दिसावी म्हणून साल मागचं धरलं ते वेगळंच. म्हणजे सरकारदरबारी आरती खऱ्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठी होती.

"जूनमदी कुठं कारखाना चालू असतोय," केशरबाई म्हणाल्या. पण हे पोर्तुगालला कोण सांगणार?

जीप परतीच्या वाटेला लागली. हातात दाखला होता, आणि तोच आता घात करणार असं दिसत होतं. तात्या डोळे मिटून, मान टाकून पडले होते. मागून केशरबाईंचा आवाज आला. आरतीशी हळू बोलत होत्या.

"सर्जा सकाळच्याला दहालाच कोंडवाड्यातनं सुटला हुता गं. मी त्यांच्या म्होरं बोलले न्हाई. नोंद करनारे भाऊसाहेब तालुक्याला गेल्ते. तर हे दिसभर पंचायतीच्या पायरीवर बसून ऱ्हायले. सर्जाला धरून. त्या दिवशी आपली गाडी भरलीच न्हाई. मुकादम टोळीम्होरं लई बोलला त्यांना. ह्येंनी खाली मान घालून ऐकलं."

तात्या झोपलेले नव्हते. मिटल्या डोळ्यांनी ते ती पायरी शोधत होते. सर्जा दिसत होता, त्याचं दावं दिसत होतं, त्याच्या नाकावरची माशीसुद्धा दिसत होती. पायरी काही केल्या दिसेना. खोटी सुईण त्यांनी इतकी वर्षं जपली, आणि खरी पायरी कुठंतरी पडून गेली. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

आठ जानेवारीला तिघंही पुण्यात निकिता मॅडमच्या ऑफिसात हजर झाले. तात्यांनी दाखला कपड्यात गुंडाळून आणला होता. सोबत सरपंचाचं पत्र, रंगुबाईचा अंगठा, आणि सर्जाचा एक जुना फोटो. फोटो कशाला, असं आरतीनं विचारलं होतं. "असू दे, पुरावा हाय," तात्या म्हणाले होते.

मॅडमनी दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला, आणि कपाळाला आठी घातली.

"हा कशाला आणलात?"

"तुमच्या यादीत होता ना!" आरती म्हणाली. "अकरा नंबर."

मॅडमनी यादी काढली, अकरा नंबरवर पेन ठेवलं आणि खाली सरकवत बारीक अक्षरांवर आणलं. "अर्जदारासोबत लहान मूल असल्यास. मुलाचा जन्मदाखला. तुम्ही मूल नेताय का सोबत?"

आरती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घ्यायची. ही ओळ तिनं वाचली नव्हती!

"म्हंजी ह्यो लागतच न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"नाही काका. उलट लावूच नका, तारखेचा घोळ होईल. घरी ठेवा जपून."

तात्यांनी दाखला पुन्हा कपड्यात गुंडाळला. केशरबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत, अगदी तळाशी ठेवला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला. पंधरा तारखेचं विमान ठरलं. त्याआधी अकरा मार्च येत होता. आजवर आरतीचा वाढदिवस घरात कधी कुणी केलाच नव्हता. एक जूनला पेरणीची गडबड, आणि ती तारीख खोटी हे सगळ्यांनाच ठाऊक. तात्यांनी जाहीर केलं, "औंदा केक! मी सोता आननार!"

अकरा तारखेला ते पाथर्डीला गेले आणि संध्याकाळी दोन्ही हातांवर मोठा खोका तोलत एसटीतून उतरले. वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. घरात पाटावर खोका ठेवला, रामहरीला बोलावलं, आणि झाकण उघडलं.

गुलाबी केक होता. त्यावर साखरेचं एक गुबगुबीत अस्वल बसलं होतं. अस्वलाच्या हातात 'आरती बाळ' अशी पाटी होती, आणि मधोमध '१' आकड्याची भलीमोठी मेणबत्ती. सोबत दोन पिपाण्या, तीन फुगे, आणि हनुवटीखाली लावायच्या रबराची कागदी टोपी.

आरतीनं टोपीकडं पाहिलं, मेणबत्तीकडं पाहिलं, मग वडिलांकडं. "तात्या, तुम्ही केकवाल्याला काय सांगितलं?"

"त्यानं इचारलं, वाढदिवस कितवा? मी म्हनलं, पयलाच. खोटं हाय का?"

केशरबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. आरतीनं मुकाट्यानं टोपी घातली. रबर तिच्या हनुवटीपर्यंत पोचत नव्हतं, ते नाकाखाली अडकलं. रामहरीनं पिपाणी वाजवली.

तात्या सुरीनं अस्वल बाजूला काढत जरा ओशाळून म्हणाले, "मला वाटलंच हुतं कायतरी गडबड हाय. त्यानं आनि एक इचारलं, बाळाला दात आलेत का? मी म्हनलं, समदे! तर लई कवतिक केलं त्यानं तुजं!"